दारात कोंबडी आणताना : शांत जात कशी निवडायची आणि कुठून आणायची

सकाळचा चुलीजवळचा वेळ आहे, हात कामात असतील, कान तेवढे इकडे द्या. आज आपण कोंबड्यांबद्दल बोलणार आहोत. पाचशे-हजार पक्ष्यांच्या शेडबद्दल नाही. दारात, परसात, गोठ्याच्या कडेला फिरणाऱ्या आठ-दहा कोंबड्यांबद्दल. म्हणजे ज्यांच्या अंड्याचे पैसे बहुतेक घरात बाईच्याच हातात येतात, त्या कोंबड्यांबद्दल.

हा विषय घ्यायला एक घटना कारण झाली. आमच्या गटातल्या एका काकींनी बाजारातून एक कोंबडा आणला. उंच मान, तांबडी-काळी चमकदार पिसं, चाल तर अशी की गल्लीतले लोक थांबून बघायचे. असील जातीचा होता. दोन महिने ठीक गेले. मग एका दुपारी अंगणात खेळणाऱ्या तीन वर्षांच्या नातवाच्या अंगावर तो गेला आणि डोळ्याच्या खाली चोच मारली. बोटभर वर लागली असती तर डोळा गेला असता. पोरगं बरं झालं, कोंबडा त्याच आठवड्यात कापला. पण घरात निर्णय झाला तो वेगळाच. सासूबाई म्हणाल्या, "आता या दारात कोंबडी नको. एकही नको."

काकींच्या आठ कोंबड्या होत्या. त्या अंड्यांच्या पैशातून गटाचा हप्ता जायचा, नातीची वही-पेन्सिल यायची. एका कोंबड्याच्या चुकीनं सगळंच बंद होणार होतं. तेव्हा आम्ही गटात बसलो आणि विचार केला : चूक कोंबड्या पाळण्याची होती, की निवडण्याची? आमच्या लक्षात आलं की शेळी घेताना आपण दात बघतो, कास बघतो, चार जणींना विचारतो. कोंबडी घेताना मात्र रंग बघतो आणि पिशवीत घालतो.

त्यानंतर आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, कृषी विज्ञान केंद्रात जाऊन आलो, ज्यांच्याकडे चांगल्या कोंबड्या आहेत त्यांच्या परसात जाऊन बसलो. त्यातून जे कळलं आणि स्वतः करून जे पटलं, ते आज सांगतो.

आधी घराकडे बघा, मग कोंबडीकडे

सगळ्यांसाठी चांगली अशी एक जात नसते. म्हणून आधी स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला : अंगणात लहान मुलं, म्हातारी माणसं आहेत का? असतील तर अंगावर येणारी जात नको.

दुसरा : तुम्हाला मुख्य काय हवं? खायला-विकायला अंडी, की वजनाचा कोंबडा, की पिल्लं काढून वाढवायची?

तिसरा : कोंबड्या मोकळ्या फिरणार की बंद जागेत राहणार? मुंगूस, घार, रानमांजर, कुत्री यांचा त्रास किती?

चौथा : शेजार कसा आहे? शेजारणीच्या वाफ्यातली मेथी कोंबड्यांनी उकरली, तर अंड्याच्या फायद्यापेक्षा भांडणाचा तोटा मोठा होतो. आमच्याकडे दोन जावा यावरून सहा महिने बोलत नव्हत्या.

या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की जात निवडणं सोपं जातं.

कोणती जात कशी

आपली गावठी कोंबडी आधी घेऊ. काटक, चपळ, घारीची सावली दिसली की पिल्लांना पंखाखाली घेणारी. स्वतः चरून पोट भरते, खुडूक बसते, पिल्लं वाढवते. वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक बसते, मग पिल्लांमागे फिरते, पुन्हा अंड्यावर यायला वेळ लावते. स्वभाव साधारण सावध. पिल्लं असताना मात्र जवळ गेलात तर अंगावर येते. तो दोष नाही, आईपण आहे. तेवढे दिवस लहान मुलांना लांब ठेवायचं.

गावठीतच काही कोंबड्यांच्या मानेला पिसं नसतात. दिसायला बोडक्या, म्हणून बाजारात भाव पाडून मागतात. पण आपल्यासारख्या उन्हाच्या भागात ही मान उघडी असणं फायद्याचं असतं. अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. मे महिन्यात इतर कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, तेव्हा ही बऱ्यापैकी फिरत असते. दिसण्यावर जाऊ नका.

दुसरी ग्रामप्रिया. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं खास परसासाठी तयार केलेली. अंगानं मध्यम, पाय थोडे उंच, अंडी तपकिरी. मोकळं फिरून आणि थोडा वरचा दाणा मिळून वर्षाला साधारण 160 ते 180 अंडी देते. स्वभावानं शांत, हाताला सरावणारी. ज्यांना मुख्यतः अंडी हवीत, त्यांना आम्ही हीच सुचवतो.

तिसरी वनराजा. तीही हैदराबादचीच. रंगीत पिसं, अंगानं भारी. अंडी वर्षाला साधारण 100 ते 110, पण कोंबड्याचं वजन लवकर भरतं. स्वभावानं मवाळ. उणीव एकच : जड असल्यामुळे पळता-उडता कमी येतं, म्हणून मुंगसाच्या आणि कुत्र्याच्या तावडीत लवकर सापडते. रानालगत घर असेल तर विचार करून घ्या. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराजा हीसुद्धा याच वळणाची, भारी आणि शांत.

चौथी ऱ्होड आयलंड रेड. नाव अमेरिकेतलं, पण आपल्याकडे इतकी वर्षं आहे की बायका नुसतं 'आरआयआर' म्हणतात. गडद तांबूस रंग, तपकिरी अंडी. कोंबडी धीट असते, माणसाला बुजत नाही, दाणा घेऊन बसलं की मांडीजवळ येते. हिचा कोंबडा कधीकधी तापट निघतो, ते ध्यानात ठेवा. हिचा एक मोठा फायदा म्हणजे ही शुद्ध जात आहे. कोंबडाही याच जातीचा ठेवला तर पिल्लं आईसारखीच निघतात.

पाचवी ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प. ऑस्ट्रेलियात घडवलेली, काळी, हिरवट चमक असलेली. फार शांत. अंडी भरपूर. पण काळा रंग आणि भारी अंग, त्यामुळे उन्हात सावली आणि पाणी जास्त लागतं.

सहावी कडकनाथ. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातली, आदिवासी घरांनी सांभाळलेली. तिच्या मांसाला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नाव गाजलं. काटक आहे. पण बुजरी आहे, हाताला लवकर येत नाही, आणि खुडूक फारशी बसत नाही. अंडी वर्षाला शंभराच्या आत-बाहेर. एक गैरसमज काढून टाका : कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. काळी अंडी दाखवून कुणी पैसे मागत असेल तर उठून चालू लागा.

सातवी असील. लढाऊ जात. मांसाला चव, कोंबडी खुडूक उत्तम बसते. पण कोंबडे एकमेकांना जिवे मारतात आणि माणसाच्याही अंगावर येतात. अंडी फार कमी. लहान मुलांच्या घरात असील कोंबडा नको, हे आम्ही शिकून सांगतोय. कोंबड्यांच्या झुंजी लावणं कायद्यानं गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.

आणि शेवटी पांढरी लेगहॉर्न. अंडी सगळ्यांत जास्त, पण ती पिंजऱ्यात आणि तयार खाद्यावर. स्वभावानं घाबरट, जरा भांडं पडलं की भिंतीवर उडते. परसाच्या कामाची नाही.

स्वभाव जातीत असतो, पण सगळा नाही

एकाच घरात वाढलेल्या दोन बहिणी सारख्या नसतात. कोंबड्यांचंही तसंच. म्हणून जात ठरवली तरी पक्षी बघूनच घ्या.

विकणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहू नका, खाली बसा. तळहातावर थोडी ज्वारी घ्या आणि गप्प बसा. ज्या कोंबड्या थोड्या वेळात जवळ येतात त्या बघून ठेवा. ज्या कोपऱ्यात जाऊन ओरडतात, भिंतीला धडका देतात, त्या सोडून द्या. जमलं तर पिल्लांचा बाप बघा. बाप अंगावर येत असेल तर त्याची पिल्लं, विशेषतः कोंबडे, तशी निघण्याचा संभव असतो.

बाकी अर्धा स्वभाव आपल्या हातानं घडतो. पिल्लाला वरून झडप घालून उचलू नका. वरून येतं ते त्याच्या लेखी घार असतं. खाली बसून, बाजूनं, दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्या. रोज ठरलेल्या वेळी, एकाच आवाजानं 'ती ती ती' करून दाणा टाका. पंधरा दिवसांत तुमचा आवाज ऐकून कोंबड्या धावत येतील. याचा उपयोग लाडापुरता नाही. हाताला आलेली कोंबडी आजारी पडली तर लवकर कळते, लस टोचायला सापडते, संध्याकाळी खुराड्यात घालताना धावाधाव होत नाही.

मुलांनाही शिकवा : मागे धावायचं नाही, काठी दाखवायची नाही, पिल्लांच्या आईजवळ जायचं नाही, आणि हात लावला की साबणानं धुवायचे.

कोंबडा हवाच का?

या प्रश्नावर गटात सगळ्यात जास्त वाद झाला. कित्येक जणींना वाटत होतं की कोंबडा नसेल तर कोंबडी अंडं देत नाही. तसं नाही. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते. फक्त त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. उलट उन्हाळ्यात अशी अंडी जास्त टिकतात. फळलेल्या अंड्यात उष्णतेनं आतल्या आत पिल्लू धरायला लागतं आणि अंडं लवकर खराब होतं.

म्हणून नुसती अंडी खायची-विकायची असतील आणि घरात लहान मुलं असतील, तर कोंबडा नाही ठेवला तरी चालतं. पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. दोन ठेवलेत तर भांडणंच बघायची. आणि जो एकदा माणसाच्या अंगावर आला, तो कितीही देखणा असला तरी वंशाला ठेवू नका.

कुठून आणायची

आता आमची दुसरी चूक सांगतो. गट नवा होता तेव्हा मोटारसायकलवर जाळीचे खोके बांधून एक विक्रेता गावात आला. गुलाबी, हिरवी, पिवळी रंगवलेली पिल्लं, अगदी स्वस्त. "गावरान आहेत ताई, सहा महिन्यांत अंडी." आम्ही गटाच्या पैशातून पन्नास घेतली. पंधरा दिवसांत बत्तीस मेली. उरली ती वाढली तेव्हा कळलं, सगळे कोंबडे! तेही अंगानं चिपाड. अंड्यांच्या मोठ्या कंपन्यांना नर पिल्लं नको असतात. ती रंगवून अशी गावोगाव विकली जातात. विक्रेता पुन्हा दिसला नाही, आणि कर्ज मात्र आम्हीच वर्षभर फेडलं.

तेव्हा आता आम्ही अशी खात्रीची ठिकाणं धरतो.

एक : राज्य सरकारच्या पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं. ती पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. शिवाय काही जिल्ह्यांत सघन कुक्कुट विकास गट आहेत. इथे जायच्या आधी नोंदणी करावी लागते, पिल्लं लगेच मिळतीलच असं नाही. कोणती जात कधी निघणार हे विचारून घ्या.

दोन : आपल्या पंचायत समितीतले पशुधन विकास अधिकारी. योजना सुरू असेल तर तेच सांगतात. अर्ज कधी सुटतो हे विचारायला गटातल्या एकीनं महिन्यातून एक फेरी मारावी. आमच्यात ते काम वाटून दिलं आहे.

तीन : जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र. काही केंद्रांवर पिल्लं मिळतात, नाही मिळाली तर कुणाकडे मिळतील ते कळतं.

चार : पिल्लं महिना-दीड महिना सांभाळून विकणाऱ्या बायका आणि गट. गावात पशुसखी असेल तर तिला विचारा, तिला सगळी माहिती असते.

पाच : शेजारपाजारची, पाहुण्यांकडची गावठी कोंबडी. हिची आई, बाप, चरण्याची जागा सगळं डोळ्यांसमोर असतं.

आठवडी बाजार आम्ही शेवटी धरतो. तिथे दहा गावांच्या कोंबड्या एका जागी येतात आणि रोगही येतात. शिवाय घरात मर लागली की काही लोक उरलेल्या कोंबड्या घाईनं बाजारात काढतात. घ्यायचीच असेल तर नीट तपासून घ्या.

हातात घेऊन काय बघायचं

डोळे टपोरे आणि स्वच्छ हवेत, पाणी गळणारे नकोत. नाकपुड्या कोरड्या. श्वास घेताना घरघर नको, कान लावून ऐका. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लाल असतो, तलंगीचा फिकट चालतो. मागची बाजू स्वच्छ हवी. विष्ठा चिकटली असेल तर पोट बिघडलेलं आहे. छातीचं हाड चाचपा. सुरीसारखं टोचत असेल तर कोंबडी खंगलेली आहे. पाय सरळ, खवले गुळगुळीत. पंख उचलून खाली बघा, उवा-गोचीड लगेच दिसतात. कडकनाथ म्हणून घेत असाल तर नुसती काळी पिसं बघू नका. तुरा, चोच, पाय आणि तोंड उघडून जीभही बघा, सगळं काळसर हवं.

एक दिवसाचं पिल्लू स्वस्त मिळतं. पण पहिल्यांदाच पाळणार असाल तर त्याच्या नादी लागू नका. त्याला पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. रात्री वीज गेली तर एका रात्रीत पिल्लं जातात. सहा ते आठ आठवड्यांची पिल्लं घ्या. किंमत जास्त पडते, पण मर फार कमी होते. आणि एक प्रश्न विचारायला विसरू नका : कोणत्या लसी झाल्या आणि कोणत्या तारखेला? उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.

आणल्यावर लगेच मिसळू नका

नवीन कोंबड्या दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवा. भांडीही वेगळी. आधी घरच्या कोंबड्यांना दाणा-पाणी द्या, मग नव्यांकडे जा. आजार असेल तर एवढ्या दिवसांत दिसतो.

मग मधे जाळी ठेवून चार दिवस एकमेकींना बघू द्या. मिसळायचं ते रात्री, खुराड्यात झोपलेल्या असताना. सकाळी थोडी टोचाटोची होईल. कोंबड्यांच्यात थोरली-धाकटी ठरते, तोवर ती चालते. एकटीच एक कोंबडी आणू नका, दोन-तीन मिळून आणा. दाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे दबलेलीला उपाशी राहावं लागत नाही. रक्त आलं तर मात्र तिला लगेच बाजूला काढा. रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

खुराडं दहा कोंबड्यांना वीस चौरस फूट तरी हवं, म्हणजे पाच फूट बाय चार फूट. जमिनीपासून उंच, बसायला आडवी काठी, अंड्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं, तळाशी कोरडा तूस. जाळी अर्ध्या इंचाची, मुंगसाचं डोकं जाईल अशी नको. दाटीत शांत जातसुद्धा भांडखोर होते. पिसं उपटायला लागल्या तर जातीला दोष देण्याआधी जागा मोजा.

मानमोडीची लस : गटाचं काम

मानमोडी म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातल्या रानीखेत गावावरून हे नाव पडलं. हा रोग आला की मान पिरगळते, हिरवट हगवण लागते आणि आळीच्या आळी रिकामी होते. यावर औषध नाही, लसच आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि दीड-दोन महिन्यांची झाली की टोचायची लस. देवीची लसही असते. तारखा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

अडचण अशी की लसीची एक बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते, बर्फात आणावी लागते आणि फोडल्यावर एक-दोन तासांत वापरावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून लस टोचणं हे एकटीचं काम नाही. आमच्यात आता आळीतल्या सगळ्या कोंबड्या एकाच दिवशी होतात. गटाबाहेरच्या घरांच्याही करतो. त्यांच्या कोंबड्यांना रोग आला तर तो आपल्या दारात यायला कुंपण आड येत नाही.

आणि एकदम कोंबड्या मरायला लागल्या तर लपवू नका. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, 2021 साली परभणी जिल्ह्यात आला. दवाखान्यात कळवा. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. खाऊ तर मुळीच नका.

थोडा हिशेब मांडू

समजा आठ ग्रामप्रिया कोंबड्या. प्रत्येकी 160 अंडी धरली तर वर्षाला 1,280. घरात पाच माणसं, प्रत्येकाला आठवड्याला दोन अंडी, म्हणजे वर्षाला 520. ती आधी बाजूला काढा. विकायला उरली 760. अंड्याला दहा रुपये धरले तर 7,600 रुपये. चरून येतात तरी रोज एकीला चाळीस ग्रॅम दाणा द्यावा लागतो. आठ कोंबड्यांचा वर्षाचा दाणा साधारण 117 किलो. किलोला पंचवीस रुपये धरले तर सुमारे 2,900. लस-औषध, एखादी मेलेली कोंबडी यांचे हजार काढा. हातात राहतात साडेतीन-पावणेचार हजार, आणि घरातल्यांच्या पोटात पाचशे वीस अंडी. पक्षी विकत घ्यायचा आणि खुराड्याचा खर्च पहिल्या वर्षी यातून जाईल. तुमच्या गावातला भाव धरून हा हिशेब पुन्हा मांडा.

आठ गावठी कोंबड्यांची अंडी होतील साडेचारशेच्या आसपास. पण त्यांना दाणा कमी लागतो आणि त्या पिल्लं काढतात. तपकिरी अंड्यात पांढऱ्यापेक्षा जास्त ताकद असते, असं मात्र नाही. रंग कवचाचा असतो. भाव जास्त मिळतो एवढं खरं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ग्रामप्रिया, वनराजा, गिरिराजा या संकरित आहेत. त्यांच्या अंड्यांतून काढलेली पिल्लं आईइतकी अंडी देत नाहीत. शिवाय त्या खुडूकही बसत नाहीत. दर दीड-दोन वर्षांनी नवे पक्षी आणावे लागतात. तो खर्च आधीच धरा. म्हणून आम्ही असा मेळ घालतो : सहा ग्रामप्रिया किंवा आरआयआर अंड्यांसाठी, आणि दोन गावठी खुडूक बसायला. गावठीखाली दहा-बारा अंडी ठेवली की एकवीस दिवसांनी पिल्लं. अंडी घरच्या गावठीची किंवा शुद्ध जातीची ठेवा, आणि घरी कोंबडा नसेल तर कोंबडा असलेल्या घरातून आणा.

काकींच्या दारात

तर काकींचं काय झालं? सासूबाईंना कुणी समजवायला गेलं नाही. काकी त्यांनाच घेऊन पलीकडच्या वाडीत गेल्या, जिथे एका मावशींकडे आरआयआर कोंबड्या आहेत. सासूबाई ओट्यावर बसल्या. एक तांबडी कोंबडी येऊन त्यांच्या लुगड्याला चिकटलेला दाणा टिपायला लागली. मावशींचा चार वर्षांचा नातू शेजारीच बसून दुसरीला भाकरीचा तुकडा देत होता. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. येताना एवढंच म्हणाल्या, "कोंबडा नको. कोंबड्या चालतील."

आता काकींकडे सहा तांबड्या आणि दोन जुन्या गावठी आहेत. अंडी गोळा करतो तोच नातू. आईजवळच्या पिल्लांकडे जायचं नाही, हे तो आता इतर मुलांना सांगतो. गटाचा हप्ता पुन्हा वेळेवर येतो.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीआधी तीन कामं करा. घराचे चार प्रश्न स्वतःला विचारून उत्तरं लिहून ठेवा. आळीत कुणाकडे कोणत्या कोंबड्या आहेत आणि शेवटची लस कधी झाली, याची यादी करा. आणि पंचायत समितीत किंवा कृषी विज्ञान केंद्रात कोण जाणार, ते ठरवा. दोघी जा, एकटी नको. कोंबडी बघायला गेलात की ज्वारी पदराला बांधून न्या, आणि आधी खाली बसा.